अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या ट्रेझररची 'शो मी मनी' सर्व्हिस, सांगलीत बसून वापरली : चार स्टार

घरात कुणी अमेरिकेत दोन-चार वर्षं नोकरी करून परत आलं असेल तर हे नीट वाचा, बाकीच्यांनी टाइमपास म्हणून वाचलं तरी चालेल. ट्रेझरर म्हणजे राज्याचा खजिनदार, आणि ही सर्व्हिस म्हणजे लोकांचे विसरलेले पैसे शोधून परत द्यायची त्याची साइट.

माझा मेहुणा मिसुरीतल्या सेंट लुईसला आयटीत होता, आता परत येऊन विश्रामबागला सेटल झालाय. तिथून निघताना लाइटचं डिपॉझिट आणि कंपनीचा एक शेवटचा चेक राहून गेला, पत्रं जुन्या पत्त्यावर गेली असणार, विषय तिथंच संपला. आता असे पैसे कंपनी गिळून टाकत असेल असं आपल्याला वाटतं पण तिथं तसं चालत नाही, साधारण पाच वर्षं मालकाचा ठावठिकाणा लागला नाही की ते पैसे राज्याच्या ट्रेझररकडं जमा करावे लागतात, आणि त्यानं ते मालकासाठी सांभाळायचे, कितीही वर्षं, वारसांनी मागितले तरी द्यायचे. बँक खाती, न वटवलेले चेक, शेअर, विम्याचे पैसे, बँकेच्या लॉकरमधलं सामान, सगळं यात येतं. लॉकरमधल्या वस्तूंचा पुढं लिलाव होतो पण त्यात सैनिकांची मेडलं निघाली तर ती विकत नाहीत, घरच्यांना शोधून परत द्यायचा प्रयत्न करतात. हे वाचलं आणि शेजारच्या जिल्ह्यातलं सैनिकांचं गाव अपशिंगे आठवलं, असो.

वापरायला एकदम सोपं. नाव टाका, यादी येते, आपली ओळ दिसली की क्लेम करा, ओळखपत्र आणि त्या जुन्या पत्त्याचा काहीतरी कागद जोडा. फी शून्य. मेहुणा आधी ऐकेचना, "दाजी, फ्रॉड असतंय हे, पासपोर्ट कशाला टाकताय" असं चाललेलं, त्यात त्याची चूक नाही, फुकट पैसे मिळतील म्हणणारे मेसेज आपल्याकडं रोजच येतात. पण ही सरकारी साइट आहे हे एकदा बघून घेतलं की घाबरायचं कारण नाही. मधले एजंट मात्र तिथंही आहेत, तुमचे पैसे शोधून देतो म्हणून कमिशन मागतात, त्यांना देऊ नका, जे ते करणार ते तुम्ही घरी बसून करू शकता.

आता मला यात खरी गंमत वाटली ती वेगळी. साइटवर त्या ट्रेझररचं नाव ठळक दिसतं. विवेक मलेक. माणूस मूळचा हरियाणातल्या रोहतकचा, पुढं मिसुरीत वकिली करायचा. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर (तिकडं राज्याचा कारभारी, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) माइक पार्सननी त्याची नेमणूक जाहीर केली, कारण आधीचा ट्रेझरर स्कॉट फिट्झपॅट्रिक ऑडिटर म्हणून निवडून आला होता, आणि मग २०२४ ला मलेक स्वतः रिपब्लिकन पक्षाकडून मतं मागून निवडून आला. म्हणजे खजिनदारसुद्धा लोकांनी डायरेक्ट निवडायचा. आपल्याकडं वाळव्याच्या जयंत पाटलांनी १९९९ ते २००८ अर्थखातं सांभाळलं, पण लोकांनी निवडला तो आमदार, खातं पक्षानं दिलं. आणि तिथला ट्रेझरर बजेट मांडत नाही बरं का, तो फक्त राज्याचा पैसा सांभाळतो, गुंतवतो, बँकांत ठेवतो. मोबक्स म्हणून त्यांची एक स्कीम आहे, राज्याचा पैसा बँकेत कमी व्याजानं ठेवायचा आणि बँकेनं त्या बदल्यात शेतकऱ्याला आणि छोट्या धंदेवाल्याला स्वस्त कर्ज द्यायचं. जिल्हा बँकेचा चेअरमन तालुक्यातालुक्यात ओळखी करतो आणि मग विधानसभेला उभा राहतो, तसलीच ही खुर्ची.

कारण मिसुरीत गव्हर्नर आणि ट्रेझरर या दोघांनाच दोन टर्मची लिमिट आहे, बाकी पदांना नाही. मग ट्रेझरर झालेला माणूस पहिल्या दिवसापासून पुढची जागा बघणार की नाही? मेल कार्नाहन १९८१ ते ८५ ट्रेझरर, ९३ ला गव्हर्नर झाला, २००० मध्ये सिनेटच्या (अमेरिकेच्या संसदेचं वरचं सभागृह) प्रचारात विमान अपघातात गेला आणि मतपत्रिकेवर नाव तसंच राहिलं म्हणून वारल्यावर निवडून आला, मग त्याच्या जागी बायकोला पाठवली. बॉब होल्डन आठ वर्षं ट्रेझरर आणि तिथून थेट गव्हर्नर. एरिक श्मिट २०१७ ला ट्रेझरर, दोन वर्षांत अॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य सरकारी वकील), २०२३ पासून सिनेटमध्ये. सगळेच चढत नाहीत, सारा स्टीलमन २००८ ला गव्हर्नरच्या शर्यतीत पक्षातल्याच निवडणुकीत पडली. टेक्सासची केस तर अफलातून, तिथं अॅन रिचर्ड्स ट्रेझररची गव्हर्नर झाली आणि पुढं मार्था व्हाइटहेड नावाच्या बाईनं मला निवडा, मी हे पदच बंद करते म्हणून प्रचार केला आणि खरंच करून दाखवलं, १९९६ ला पद गेलं. आपल्याकडं असा एक उमेदवार दाखवा.

तर सर्व्हिस चांगली का आहे याचं उत्तर मला तरी इथंच दिसतं. बजेट हातात नाही, रस्ता बांधता येत नाही, मग मतदाराच्या लक्षात राहायचं कसं? त्याचेच विसरलेले पैसे त्याच्या हातात ठेवायचे, आपल्या नावाच्या लेटरहेडसकट. मलेकनं तर जुगाराच्या मशीनवर या सर्व्हिसच्या जाहिरातीचे स्टिकर लावले होते, बोंबाबोंब झाल्यावर काढायला लावले. मला चालतंय, नाव चमकवा पण पैसे द्या.

आपल्या रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल २०२३ ला आलं, तेही मी सासऱ्यांसाठी वापरलंय. दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी त्यावर सापडतात, चांगली सोय आहे, पण ते फक्त कुठल्या बँकेत आहेत एवढंच सांगतं, पुढं ब्रँचमध्ये जाऊन केवायसीपासून सुरुवात. शेअर आणि डिव्हिडंडसाठी आणखी वेगळीकडं जायचं. मिसुरीत सगळं एका ठिकाणी आहे, हा फरक मोठा.

एक स्टार कापला तो चेकसाठी. क्लेम पास झाला आणि डॉलरमधला कागदी चेक सांगलीला आला, पाकीट बघून सासूबाईंनी देवापुढं ठेवला. पण तो वटवायचा कुठं? गावातल्या एका बँकेनं (नाव घेत नाही) सरळ हात वर केले, फॉरेन चेक आम्ही घेतच नाही. दुसऱ्या बँकेनं कलेक्शनला घेतला पण साहेबांनी तो आधी उलटा, मग सुलटा, मग उजेडात धरून बघितला, फॉर्म भरून घेतला, आणि पैसे आले तेव्हा चार्जेस कापून बऱ्यापैकी बारीक झालेले. रक्कम पंचवीस-तीस डॉलरची असेल तर या भानगडीत पडू नका. तिकडचं खातं अजून चालू असेल तर चेक तिथंच जमा करा.

आणि सर्च करताना नाव-आडनाव उलटं टाकून बघा, वडिलांचं नाव जोडूनही बघा. मेहुण्याचे पैसे वडिलांच्या नावाला आडनाव समजून ठेवले होते, सरळ सर्चला काहीच येत नव्हतं. दुसऱ्या राज्यात राहिला असाल तर त्या राज्याची साइट वेगळी, आणि सगळीकडं हे काम ट्रेझररकडंच असतं असं नाही, कॅलिफोर्नियात ते कंट्रोलरकडं आहे.