मेथोट्रेक्सेट: वायसोलोन उतरवतानाचा काही महिन्यांचा अनुभव

पॉलिमायल्जिया र्‍हुमॅटिका हा आजार पन्नाशीनंतर गाठतो आणि सकाळी दोन्ही खांदे, मान, खुबे आखडून ठेवतो. वायसोलोन (प्रेडनिसोलोन, एक स्टेरॉइड) १५ मिलिग्रॅमला सुरू केली की काही दिवसांतच हात वर जातो. अडतं ते १० च्या खाली उतरताना, आणि तिथेच बरेचदा डॉक्टर मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी, जोडतात.

ही गोळी वेदनाशामक नाही. पहिले सहा-आठ आठवडे काहीच फरक जाणवत नाही, उलट मळमळ होते. म्हणून अनेकजण दुसऱ्या महिन्यातच ती सोडतात. हिचा गुण दुखण्यावरून जोखू नका. वायसोलोन किती खाली आली आणि तिथे टिकली का, ते पाहा.

मात्रा आठवड्यातून एकदाच, बहुधा ७.५ ते १० मिलिग्रॅम. शनिवारी रात्री, जेवणानंतर घेतली तर मळमळ रविवारवर ढकलता येते, सोमवारी लोकल पकडायला माणूस ठीक असतो. रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जीवावरही बेततं. २.५ आणि १० च्या गोळ्या वेगवेगळ्या येतात, त्यामुळे गोळ्या नव्हे, मिलिग्रॅम मोजा आणि चिठ्ठीवर वार लिहून घ्या. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम दुसऱ्या दिवशी.

वायसोलोन उतरवताना १ मिलिग्रॅमची गोळी शोधत बसू नका. ५ ची अर्धी करून एक दिवस १०, एक दिवस ७.५ असं चार आठवडे, मग रोज ७.५. कोणत्या दिवशी किती, ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा. हा क्रमही डॉक्टरांशी ठरवूनच.

खरा घोळ पुढे होतो: दुखतंय ते कशामुळे? उठल्यावर पाऊण तासाहून जास्त आखडलेले खांदे आणि वाढलेला सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) म्हणजे आजार उलटतोय. वायसोलोन ५ मिलिग्रॅमच्या आसपास असताना गळून गेल्यासारखं, उभं राहताना चक्कर, सर्वांगात कणकण असेल तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसोल, बनवणारी) अजून सुस्त असू शकते. सकाळची गोळी घेण्याआधी आठच्या सुमारास कॉर्टिसोल तपासतात. फक्त रविवारचा थकवा मेथोट्रेक्सेटचा. म्हणूनच एका वेळी एकच औषध बदला, आणि हात केसांपर्यंत सहज पोचायला किती मिनिटं लागली ते रोज टिपा.

सुरुवातीला सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), हिपॅटायटिस बी-सी आणि छातीचा एक्स-रे. मुंबईत टीबी पाहता तो टाळू नका. मग पहिले तीन महिने दर दोन-चार आठवड्यांनी रक्त, पुढे दोन-तीन महिन्यांनी. रक्त शुक्रवारी द्या. गोळीनंतरच्या एक-दोन दिवसांत एसजीपीटी तात्पुरतं वाढलेलं दिसतं आणि उगाच घबराट होते. साखर मात्र जेवणानंतरची बघा, सकाळच्या वायसोलोनमुळे ती दुपारी चढते. उपाशीपोटीची छान दिसून फसवते.

पावसाळ्यात ताप आला तर त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट डॉक्टरांना विचारून थांबवा, वायसोलोन मात्र अचानक कधीच बंद नाही. केमिस्टने सेप्ट्रान (एक अँटिबायोटिक) पुढे केली तर नकोच, मेथोट्रेक्सेटबरोबर तिने रक्तपेशी कोसळतात. कोरडा खोकला आणि धाप लागली तर लगेच दाखवा. नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं याला अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.