फाटकातून सरळ दिसणारे खांब

आमच्या सोसायटीतल्या रस्त्यालगत दिव्यांचे सहा-सहा मीटरचे आठ खांब उभे केले. त्यातले पाच पुन्हा काढून बसवावे लागले. कामावर लक्ष ठेवायला कमिटीने मला नेमलं होतं आणि 'काम समाधानकारक' या शेऱ्याखाली सहीही माझीच आहे. म्हणून हे मीच लिहिलेलं बरं.

काम संपल्याच्या संध्याकाळी ठेकेदाराने मला मुद्दाम फाटकापाशी नेलं. "इथून बघा साहेब, एक डोळा मिटून." बघितलं. पहिल्या खांबाआड बाकीचे सातही गडप! मग त्याने पहिल्या खांबाला रस्त्याच्या बाजूने लेव्हल बाटली (आत बुडबुडा असलेली, सरळपणा तपासायची पट्टी) टेकवली. बुडबुडा बरोबर मधोमध. मी तिथेच सही ठोकली.

त्याने दाखवलं त्यात खोटं काहीच नव्हतं, फक्त काय दाखवायचं ते त्याने नीट निवडलं होतं. रांगेच्या टोकाला उभं राहिलं की डावी-उजवीकडे गेलेला खांब लगेच कळतो. पण तोच रांगेच्या दिशेने पुढे किंवा मागे कलला असेल तर तिथून काही म्हणजे काही दिसत नाही. बाटलीची गंमत तर याहून भारी. आमचे खांब अष्टकोनी, बुडाशी 130 मिलिमीटर आणि शेंड्याला 70. म्हणजे प्रत्येक बाजू वर जाताना मीटरमागे 5 मिलिमीटर आत येते. असा निमुळता खांब ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा असेल, तर एका बाजूला लावलेल्या बाटलीचा बुडबुडा मधोमध येताच कामा नये. आला, तर खांब शेंड्याशी त्या बाजूला 30 मिलिमीटर गेलेला असतो. बाटली समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना लावायची, बुडबुडा दोन्हीकडे सारखाच सरकला पाहिजे. आणि मग काटकोनातल्या दुसऱ्या जोडीवर तेच पुन्हा. हे सगळं मला नंतर कळलं, अर्थात.

आठवडाभराने तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "अहो, त्या खांबांचं आपसात भांडण झालंय का?" त्यांच्या गॅलरीतून रांग आडवी दिसते. दोन खांब एकमेकांच्या कानात कुजबुजत होते, चौथा रुसून भलतीकडे. काकूंकडूनच शिवणाचा दोरा घेतला, त्याला कुलपाची किल्ली बांधली आणि डोळ्यांसमोर लोंबती धरली. चौथ्याच्या बुडाचा मध्य दोऱ्यावर घेतला, तर शेंडा स्वतःच्या जाडीच्या दुप्पट बाहेर. म्हणजे जवळजवळ 14 सेंटीमीटर.

ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, वाऱ्याने हलले असतील. दुसऱ्या वेळी म्हणाला, तुमची जमीनच उताराची आहे. तिसऱ्या वेळी फोन उचलला नाही.

शेवटी दुसरा मिस्त्री बोलावला. प्रत्येक खांबाच्या बुडाशी सिमेंटच्या मालाची गुळगुळीत टोपी होती. "बोल्टला गंज लागू नये म्हणून," असं मला सांगितलं होतं. मिस्त्रीने चौथ्याची टोपी छिन्नीने फोडली. आत बेस प्लेटखाली (खांबाच्या बुडाशी असलेल्या, बोल्टने आवळायच्या लोखंडी पाटाखाली) एका बाजूला फरशीचा तुकडा, दुसऱ्या बाजूला खडी. तीन बोल्ट पायातले, पण ठोकून वाकवलेले. पाया भरताना बोल्ट जागेवर धरायला भोकं पाडलेला पत्रा लावतात, तो वापरलाच नव्हता, त्यामुळे बोल्ट प्लेटच्या भोकांशी जुळले नव्हते. चौथा बोल्ट मिस्त्रीने बोटांनी फिरवला आणि उपटून माझ्या हातात ठेवला. बोटभर लांबीचा तुकडा, नुसता मालात खोचलेला, वर नट मात्र झकास आवळलेला.

खरी पद्धत अशी की प्रत्येक बोल्टवर प्लेटच्या खाली एक नट, वर एक. खालचे नट थोडे थोडे फिरवत खांब ओळंब्यात आणायचा, मग वरचे आवळायचे आणि शेवटी खालची फट ग्राउटने, म्हणजे न आकसणाऱ्या पातळ सिमेंटच्या मालाने भरायची. आमच्याकडे फोडलेल्या टोप्यांखाली खालचा नट एकाही बोल्टला नव्हता. शिवाय पाया भरल्यावर दोनच दिवसांत खांब चढवले होते. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात, निदान आठवडाभर तरी त्यावर भार नको. तेव्हा काम किती झपाट्याने चाललंय याचं मला कौतुक वाटलं होतं!

तुमच्याकडे असं काम निघालं तर टोपी घालण्याआधी स्वतः वाकून बघा, बोल्ट हाताने हलवून बघा, फोटो काढून ठेवा, आणि त्यानंतरच सही करा. करारात ओळंब्याचा उल्लेख हवाच. आमच्या करारात 'खांब उभारणे' एवढेच दोन शब्द होते, आणि उभे तर ते होतेच. पैसे परत मागायला गेलो तेव्हा ठेकेदाराने शांतपणे तेच दोन शब्द आणि माझी सही पुढे केली.

नव्या मिस्त्रीने पाचही खांब पहाटे ओळंब्यात घेतले. उन्हात खांबाची एक बाजू तापून फुगते आणि शेंडा किंचित ढळतो, असं त्याचं म्हणणं. उरलेले तीन खांब दोऱ्याला बरोबर उतरतात. त्यांच्या टोप्या अजून फोडलेल्या नाहीत. येत्या रविवारी छिन्नी घेऊन बसणार आहे.