कॅमेरा बांधावा की बॅटरी घेऊन फिरावं?

वणव्यानंतर जंगलात कोणते प्राणी उरलेत हे बघायला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधावा की रात्री बॅटरी घेऊन फिरावं, हा प्रश्न. मी दोन्ही केलंय, म्हणून लिहायचं धाडस करतोय. आधी कॅमेरे सांभाळले, मग रात्रीचा बॅटरी घेऊन चालायला लागलो. (बॅटरी म्हणजे टॉर्च. सिडनीत इतकी वर्षं काढूनही तोंडात तोच शब्द बसलाय. कॅमेऱ्यात घालतात त्यांना सेल म्हणू, म्हणजे घोटाळा नको.)

जागा आधी सांगतो, कारण निम्मं उत्तर जागेवर अवलंबून आहे. सफरचंदं तोडायला बेल्स लाइन ऑफ रोडने सिडनीच्या वायव्येकडच्या बिलपिनला गेलेल्यांना तो भाग ठाऊक असेल. २६ ऑक्टोबर २०१९ ला वोलेमाय नॅशनल पार्कमध्ये गॉस्पर्स माउंटनजवळ वीज पडून जो वणवा पेटला, त्यानं ५ लाख हेक्टरांहून जास्त जंगल खाल्लं आणि डिसेंबरात तो बिलपिनपर्यंत पोचला. मोठ्या पार्कांच्या कडेकडेला छोटी छोटी बुशलँड रिझर्व्ह, म्हणजे राखीव रानाचे तुकडे, आहेत. आमचा दहा-बारा जणांचा हौशी गट त्यांतल्या दोन तुकड्यांमध्ये काम करतो. वणव्यात देशभरात जवळजवळ ३०० कोटी प्राणी मेले किंवा विस्थापित झाले, असा अंदाज जुलै २०२० मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेसाठी सिडनी विद्यापीठातल्या आणि इतर शास्त्रज्ञांनी मांडला. आकडा वाचून पोटात गोळा येतो. पण तुमच्या घळीत कोण उरलंय, हे त्यावरून कळत नाही. ते कुणीतरी जाऊन बघावं लागतं.

प्राणी पकडून मोजायचा तिसरा मार्ग म्हणजे पिंजरे, तो विषय लगेच संपवतो. एलियट ट्रॅप म्हणजे घडी होणारा पत्र्याचा डबा, आत ओट्स आणि पीनट बटरचा गोळा. त्यासाठी वैज्ञानिक परवाना लागतो, प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी लागते, शिवाय पहाटे उजाडताच प्रत्येक डबा उघडून बघावा लागतो. आधीच उपाशी असलेल्या जिवाला रात्रभर डब्यात कोंडायचं हे काम विद्यापीठवाल्यांवर सोडा. कॅमेऱ्यासाठीही रिझर्व्ह ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घ्या, पण ती गटामार्फत मिळून जाते.

पहिल्या वर्षी आम्हाला निवड करायला वावच नव्हता. जळकी झाडं वारा नसतानाही पडत होती, त्यामुळे रिझर्व्ह बंद. ती उघडायची वेळ आली तर मार्च २०२० उजाडला आणि करोनामुळे बाहेर दोघांपेक्षा जास्त जणांनी जमायचं नाही असा नियम आला. दोघांनी दिवसाउजेडी जायचं, कॅमेरे बांधायचे आणि निघून यायचं, एवढंच शक्य होतं. आणि खरं सांगतो, त्या वेळी कॅमेऱ्यानं जे दाखवलं ते बॅटरीनं दाखवलं नसतं. जमीन उघडी, काळी, सपाट. झुडूप नाही, गवत नाही. कॅमेऱ्यासमोरून उंदराएवढं काही गेलं तरी टिपलं जायचं. पहिल्या दोन महिन्यांत स्वॉम्प वॉलबी (छोटा कांगारूच म्हणा) आली, बिळात राहणारा गुबगुबीत वॉम्बॅट आला, राख उकरणारा लायरबर्ड पक्षी आला. आणि एका फोटोत टोकदार नाकाचा, मुठीत मावेल एवढा, उंदरासारखा दिसणारा अँटिकायनस. हा बेटा आगीनंतर दिवसाही सुस्तावून शरीराचं तापमान खाली उतरवतो आणि थोडक्या खाण्यावर निभावतो, असं इथल्या संशोधकांनी दाखवलंय. याचे सगळे नर हिवाळ्याअखेरच्या विणीच्या हंगामानंतर मरतात. म्हणजे ऑक्टोबरात कॅमेऱ्यात मोठा अँटिकायनस आला तर ती मादीच. असलं काहीतरी कळलं की फोटो नुसता फोटो राहत नाही.

कोल्हा आणि मांजरही कॅमेऱ्यानंच पकडून दिले. आडोसा जळून गेल्यावर हे दोघे मोकळ्या रानात येऊन उरल्यासुरल्यांवर हात मारतात. अधिकाऱ्यांपुढे ‘मांजर असावं बहुतेक’ म्हणण्यापेक्षा तारीख-वेळेचा फोटो ठेवणं केव्हाही चांगलं. यात बॅटरीचा पाड लागत नाही, हे मोकळेपणानं मान्य.

मग माझं बिनसलं कुठे? ब्रॅकनमध्ये.

ब्रॅकन हा नेचा. त्याचं खोड जमिनीखाली असतं, त्यामुळे वर कितीही जळलं तरी सगळ्यांत आधी तोच उगवतो. त्यात ला निन्याची वर्षं, धो धो पाऊस. रोपाला मुठीसारखी मिटलेली पानं येतात आणि काही आठवड्यांत कमरेएवढी उलगडतात, ती नेमकी तुमच्या कॅमेऱ्यासमोर. हे कॅमेरे उष्णता हलली की फोटो काढतात. दुपारी ऊन लागून पान तापतं, वाऱ्यानं हलतं, खटाखट तीन फोटो. मागे काळं खोड तव्यासारखं तापलेलं, त्याच्यापुढून पान गेलं की आणखी तीन. जानेवारी २०२१ मध्ये एका कार्डावर ११ हजारांच्या वर फोटो निघाले. प्राणी किती? साठ-सत्तर. त्यातलेही निम्मे एकाच वॉलबीचे. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून निवांत चरत होती.

उपाय नव्हते असं नाही. कॅमेरा दक्षिणेकडे तोंड करून लावला. (इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, भारतातल्या सवयीनं मी पहिला कॅमेरा उत्तरेकडे लावला होता आणि गटातल्या म्हाताऱ्यांची चांगलीच करमणूक झाली होती.) समोरचा ब्रॅकन कापला. पण वणव्यानंतर उगवणारं काही कापायला हात धजत नाही, आणि कापलं तरी पुढच्या खेपेला ते परत हजर. सेन्सर कमी संवेदनशील केला तर अँटिकायनस निसटला. रिकामे फोटो बाजूला काढणारी मेगाडिटेक्टर नावाची फुकट प्रणाली आहे, ती लॅपटॉपवर रात्रभर चालवली. बराच भार हलका झाला, नाकारत नाही. पण तिला एका जळक्या बुंध्यात प्राणी दिसायचा, तोच बुंधा, दर फोटोत. आणि मला तिच्या ‘रिकामा’ शिक्क्यावर भरवसा ठेववेना, मग मी तेही उघडून बघायचो. हा दोष माझ्या स्वभावाचा धरा.

त्या उन्हाळ्यात जेवण झालं की मी लॅपटॉप उघडून बसायचो. लेकीला फोटोमागे एक सेंट देऊन कामाला लावलं, तिनं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. बायको म्हणाली, ‘‘तू जंगलात जातोस की जंगल घरी आणतोस?’’ मी हिशेब केला. तीन महिन्यांत रिझर्व्हमध्ये पाच तास, फोटोंसमोर जवळजवळ साठ. ब्रॅकनचं प्रत्येक पान ओळखीचं झालं होतं आणि त्या घळीत रात्री मी एकदाही उभा राहिलो नव्हतो. मार्च २०२१ च्या पुरात हॉक्सबरी नदी चढली, नॉर्थ रिचमंडचा पूल पाण्याखाली गेला. कॅमेऱ्यांपर्यंत पोचलो तेव्हा सेल संपलेले, आणि एका कॅमेऱ्यात मुंग्यांनी अंडी घातलेली. तेव्हाच मनात काहीतरी ठरलं असावं.

आता बॅटरीकडे. कॉलेजात असताना मी मेळघाटात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर एक रात्र काढली होती. वन खात्याचा कागद मांडीवर, चंद्राच्या उजेडात जे पाण्यावर येईल ते लिहायचं. इथे सगळं उलटं. पाणवठा नाही, मचाण नाही, आणि पौर्णिमा तर नकोच; लख्ख चांदण्यात प्राणी दबकून असतात, म्हणून आम्ही अंधाऱ्या रात्री निवडतो. ठरलेल्या वाटेनं अगदी सावकाश चालायचं, दर वेळी तीच वाट, तोच वेग. बॅटरी कमरेपाशी धरायची नाही, डोळ्याच्या रेषेत धरायची. प्राण्याच्या डोळ्यातून उजेड आला तसाच परत फिरतो. तुमचा डोळा त्या रेषेत नसेल तर तो चुकतो. चमक दिसली की लाल फिल्टर चढवायचा, म्हणजे त्याला त्रास कमी.

पहिल्या रात्री सगळ्यांचं होतं तसं माझंही झालं. जमिनीवर हिरवट हिऱ्यांचा सडा बघून मी थरारलो. ते कोळी होते. वुल्फ स्पायडरचे डोळेही चमकतात. हसू नका, तुमचंही होणार आहे.

कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बघतो. झाडाच्या शेंड्यावर काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो, आणि वणव्यानंतर माझ्या मते खरा प्रश्न तिथेच असतो. ग्रेटर ग्लायडर हा झाडावरून झाडावर तरंगत जाणारा प्राणी साधारण आपल्या शेकरूएवढा, निलगिरीची पानं खातो, दिवसा म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत झोपतो आणि जमिनीवर सहसा उतरत नाही. ढोली तयार व्हायला शंभरेक वर्षं लागतात, जळायला एक दुपार पुरते. २०१६ मध्ये तो ‘असुरक्षित’ यादीत होता, २०२२ मध्ये ‘संकटग्रस्त’ झाला. आमच्या दोन वर्षांच्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत तो एकदाही नाही. त्यावरून तो नाही असं आम्ही लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. ऑगस्ट २०२२ च्या एका रात्री, न जळलेल्या ओल्या घळीच्या तोंडाशी, दोन पिवळट-पांढरे दिवे वरून खाली बघत होते आणि त्यांच्याखाली झुपकेदार लांब शेपटी लोंबत होती. चौघांनी पाहिलं, चौघांनी एकच नाव लिहिलं.

नेहमी असं एकमत होत नाही, हा बॅटरीचा दोष. तांबूस डोळे, पान आडवं, शेपूट दिसत नाही, मग रिंगटेल की ब्रशटेल (झाडावर राहणाऱ्या पॉसमच्या दोन जाती) यावर कुजबुजत वाद. शेपटीचं टोक पांढरं दिसलं तर रिंगटेल, नाहीतर नोंदवहीत नुसतं ‘पॉसम’. फोटो नसतो, परत बघता येत नाही. कोण बॅटरी धरतंय यावर आकडा बदलतो. आमच्यातल्या एक निवृत्त नर्सबाई माझ्या दुप्पट डोळे शोधतात, त्यामुळे त्या नसतील त्या रात्रीचे आकडे मी मनातल्या मनात वाढवून वाचतो. शास्त्राला हे पटायचं नाही. पाऊस, वारा, धुकं असलं की रात्र रद्द. २०२२ मध्ये अशा रात्री इतक्या रद्द झाल्या की आम्ही वहीत ‘पाऊस’चा शिक्काच करून घ्यावा म्हणत होतो. आणि जळवा. मोज्यांवर पँट खोचा, तरीही एखादी सापडतेच. कोकणात पावसाळा काढलेल्यांना सांगायला नको.

झाडांवरची नवी पालवी हीसुद्धा अडचण आहे. वणव्यानंतर निलगिरीच्या खोडाला बुंध्यापासून हिरवी लव फुटते, सगळं झाड स्वेटर घातल्यासारखं दिसतं. त्या लवेआड डोळे लपतात. म्हणजे नव्या उगवणीचा त्रास दोन्हीकडे. पण बॅटरी घेऊन दोन पावलं बाजूला सरकता येतं, कॅमेऱ्याला तेवढंही करता येत नाही.

आवाज टिपणारी यंत्रं मी मुद्दाम बाजूला ठेवली. ऑडिओमॉथ काडेपेटीएवढा असतो, महाग नाही, आणि पॉवरफुल आउल हे घुबड किंवा विणीच्या काळात गुरगुरणारा कोआलाचा नर हवा असेल तर त्याला तोड नाही. पण पुन्हा तेच, घरी आणून तासन्‌तास ऐकायचं. एकदा पोळलेला मी.

तेव्हा तुमचं रिझर्व्ह नुकतंच जळलं असेल तर वादच नको, पहिले सहा महिने कॅमेरेच लावा. झाडं पडत असताना रात्री तिथे कुणी जाऊ नये. खडकाळ, उघडी जागा असेल, ब्रॅकन नसेल, तर पुढेही कॅमेरे ठेवा. बँडिकूट, बुश रॅट यांच्यासाठी तेच बरे. (बँडिकूट म्हणजे आपली घूस नव्हे. नाव आपल्या घुशीचंच, तेलुगू पंदिकोक्कुवरून आलेलं, पण इथला प्राणी पोटाला पिशवी असलेला, वेगळ्याच कुळातला.) मांजराचा पुरावा हवा असेल तरीही कॅमेराच. उंच जुनी झाडं असतील, गटात चार माणसं नियमित येणारी असतील आणि तुम्हाला संध्याकाळी पुन्हा स्क्रीनसमोर बसायचा कंटाळा असेल, तर माझ्यापुरतं उत्तर ठरलंय. तुमचं वेगळं असू शकतं. आमच्याच गटात दोघं अजून कॅमेऱ्यांवर खूश आहेत, आणि त्यांचे तक्ते माझ्या वहीपेक्षा कितीतरी नीटस असतात.

बॅटरी फार झगझगीत घेऊ नका, प्राण्यांच्या डोळ्यांना त्रास होतो. हलकी घ्या, दोन तास डोळ्यासमोर धरायची आहे. आणि कॅमेऱ्यांचंच ठरलं तर नवे घ्यायच्या आधी मला विचारा. माझे दोन गॅरेजमध्ये पडून आहेत, मुंग्या काढून टाकल्यात. कॅमेरे झाडाला बांधायचे पट्टे मात्र नवे घ्या, जुन्यांचा कोळसा धुऊनही जात नाही.