शिक्षणसेवक व्हावं की विनाअनुदानित शाळा धरावी?

डी.एड., बी.एड. झालेल्यांसमोर महाराष्ट्रात बहुतेकदा हेच दोन रस्ते असतात.

शिक्षणसेवक, म्हणजे जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत सुरुवातीला मानधनावर लागणारा शिक्षक, व्हायचं तर पात्रता परीक्षा, मग ‘पवित्र’ या सरकारच्या शिक्षकभरती पोर्टलवर भरतीची वाट. लागल्यावर पहिली तीन वर्षं नुसतं मानधन: प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८, उच्च माध्यमिकला २०. २०२३ पूर्वी तर प्राथमिकला ६ हजारच मिळायचे. एवढ्यात परगावी खोली घेऊन राहा म्हणणं हा शिक्षकाचा अपमानच होता. पण तीन वर्षं निभावली की वेतनश्रेणी लागते.

विनाअनुदानित शाळेत नोकरी लवकर मिळते, एवढंच. १९७७चा खासगी शाळा कर्मचारी कायदा तिथेही वेतनश्रेणी द्यायला सांगतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या खात्यात पगार पूर्ण जमा होतो आणि त्याच आठवड्यात निम्मा रोखीने संस्थेला परत करावा लागतो. सही मात्र पूर्ण रकमेवर! हे ऐकून संताप येतो.

मानाचं म्हणाल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत मतदारयाद्या, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी यांत शिकवणं मागे पडतं. तरी गावात ‘गुरुजी’ म्हणून हाक मारतात, सल्ला विचारतात. खासगीत फी भरणारे काही पालक मुलांदेखत आवाज चढवतात आणि संस्थाचालक गप्प बसतात.

वयोमर्यादा उरली असेल तर शिक्षणसेवकच व्हा. विनाअनुदानित घ्यावीच लागली, तर लेखी नियुक्तीपत्राशिवाय रुजू होऊ नका आणि बँकेचं पासबुक जपून ठेवा.