शाळेनंतरच्या एका वर्षाच्या कार्य-प्रशिक्षण सेवेविषयी

विशेष शाळेतले शेवटचे वर्ष संपत आले की पालकांसमोर जी पोकळी उभी राहते, तिची कल्पना आम्हाला आधी देऊनही आली नसती. सकाळी घरातून निघणे, ठरलेल्या वेळी डबा उघडणे, ओळखीच्या माणसांत दिवस घालवणे, हे सारे एका तारखेला थांबते आणि पुढे काय, याचे उत्तर कोणाजवळ तयार नसते. आमचा मुलगा त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. त्याला बौद्धिक अक्षमता आहे, स्वमग्नतेची काही लक्षणेही आहेत. तो थोडे वाचतो, मोजके बोलतो आणि क्रम एकदा पक्का झाला की सहसा विसरत नाही. त्याला आम्ही ज्या सेवेत घातले, तिचे वर्ष पूर्ण होऊन आता चौदा महिने झाले आहेत. निकाल हाती येण्याआधी लिहिणे योग्य वाटत नव्हते, म्हणून हे परीक्षण मी मुद्दाम उशिरा लिहीत आहे.

सेवेची रचना अशी आहे. प्रशिक्षणार्थी दररोज एका मोठ्या रुग्णालयात जातात, तिथे सकाळी तासभर वर्ग होतो आणि उरलेला दिवस प्रत्यक्ष कामात जातो. वर्षभरात तीन वेगवेगळ्या विभागांत प्रत्येकी सुमारे दहा आठवडे काम करायचे असते. आमच्या तुकडीत नऊ जण होते आणि त्यांच्यासाठी एक विशेष शिक्षिका व दोन जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणाऱ्या व्यक्ती. ही पद्धत १९९६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट सर्च’ या उपक्रमातून आली आहे. तिथल्या तातडीच्या विभागात साहित्य भरून ठेवण्याच्या कामावर माणसे टिकत नव्हती, आणि ते काम चोख व सातत्याने करू शकतील अशी माणसे शोधताना विभागाच्या परिचारिका-प्रमुखांना अक्षमता असलेल्या तरुणांचा विचार सुचला. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे सुरुवात दयेपासून झाली नव्हती. एक काम अडले होते आणि ते नीट करणारे कोणीतरी हवे होते. आमच्या सेवेतही विभागप्रमुखांनी माझ्या मुलाला ‘बिचारा’ म्हणून वागवले नाही. ट्रॉली अर्धवट भरली तर ती परत येत असे.

आता ज्या गोष्टीमुळे मी या सेवेची शिफारस करते, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. पहिल्या विभागात त्याला वॉर्डातल्या ट्रॉल्या भरायच्या होत्या. एका ट्रॉलीत चौतीस वस्तू, प्रत्येकीची जागा ठरलेली आणि संख्याही ठरलेली. त्याला तिथे नेण्यापूर्वी कोचने दोन दिवस ते काम स्वतः केले आणि त्याचे सतरा टप्पे लिहून काढले. ‘रिकामी जागा पाहणे’ आणि ‘किती कमी आहेत ते मोजणे’ हे दोन टप्पे तिने वेगळे ठेवले होते, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले. पुढे लक्षात आले की मुलगा नेमका त्याच सांध्यावर अडत होता, आणि टप्पे वेगळे असल्यामुळेच ते कळले. कामाचे असे बारीक विश्लेषण करून शिकवण्याची परंपरा जुनी आहे. १९७०च्या दशकात मार्क गोल्ड या अमेरिकी संशोधकांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जोडायला शिकवून दाखवले होते. शिकणाऱ्याला जमले नाही तर शिकवणाऱ्याने आपली रीत बदलावी, अशी त्यांची भूमिका होती. आमच्या कोचची नोंदवही मी पाहिली आहे. त्यात ‘त्याला जमले नाही’ असे वाक्य कुठेच नाही, ‘उद्या खुणेचे कार्ड डावीकडे लावून पाहायचे’ अशी वाक्ये आहेत.

तिने तोंडी सूचना जवळजवळ बंदच केल्या होत्या. मी याबद्दल विचारले तेव्हा तिने सांगितले की आधाराच्या सर्व प्रकारांत आवाजाचा आधार काढून घेणे सर्वांत कठीण असते. ‘आता पुढचे घे’ हे वाक्य रोज ऐकणारा मुलगा पुढची वस्तू पाहून हलत नाही, तो त्या वाक्याची वाट पाहत थांबतो. म्हणून ती बोट दाखवत असे, मग केवळ नजर वळवत असे, मग दोन पावले मागे सरकत असे आणि सातव्या आठवड्यात ती दाराबाहेर उभी होती. घरी आम्ही अठरा वर्षे नेमके याच्या उलट करत आलो होतो. दात घासण्यापासून बूट घालण्यापर्यंत प्रत्येक कृतीला आमचा आवाज जोडलेला होता, आणि त्याला स्वतःहून काही सुचत नाही असे आम्ही समजत होतो. प्रशिक्षण सेवेचा कस ती किती शिकवते यापेक्षा आपला आधार किती विचारपूर्वक काढून घेते यावर ठरतो, हे मला त्या दाराबाहेरच्या उभे राहण्यातून कळले, आणि या परीक्षणात मी प्रत्येक भाग त्याच मापाने मोजला आहे.

प्रवासाचे प्रशिक्षण या मापाला पूर्ण उतरले. कोच आधी शेजारच्या आसनावर बसली, मग बसच्या मागच्या भागात, मग पुढच्या थांब्यावर वाट पाहत राहिली. त्यानंतर तिने त्याला मुद्दाम एक थांबा आधी उतरवून मदत कशी मागायची याचा सराव करून घेतला, तोही सहा वेळा. मला त्या दिवसांत झोप लागत नव्हती आणि मी हे थांबवावे असे म्हणालेही होते. त्यावर शिक्षिकेने मला एक कल्पना समजावली. अक्षमता असलेल्यांच्या हक्कांविषयी लिहिणारे अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्ये जोखीम पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते असे मांडले होते. ज्याला कधीच चुकू दिले जात नाही त्याची सुरक्षितता वाढते, पण त्याचे माणूसपण आक्रसते, असा त्या विवेचनाचा मी घेतलेला अर्थ. आज तो एकटा जातो आणि एकटा येतो.

सकाळच्या वर्गाविषयी मात्र मला तितके चांगले लिहिता येत नाही. कागदावर छापलेली नाणी जुळवणे, काल्पनिक मुलाखतीचा सराव करणे, स्वतःची माहिती एका नमुन्यात भरणे, यांत बराच वेळ गेला. अशा मुलांना एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी वापरणे अवघड जाते, या जाणिवेवर ही सारी सेवा उभी आहे. तरीही वर्गात तिचाच विसर पडलेला दिसला. मुलाखत हा प्रकारच माझ्या मुलासारख्यांवर अन्याय करणारा आहे. बोलण्याच्या कसोटीवर तो नापास होईल आणि कामाच्या कसोटीवर उत्तीर्ण. त्याला नोकरी मिळाली तीही चार दिवस प्रत्यक्ष काम करून दाखवल्यावर.

माझी खरी तक्रार दोन ठिकाणी आहे. पहिली, शरीर, खासगीपणा आणि नाते या विषयांना वर्षभरात केवळ दोन सत्रे दिली गेली. आपल्या मुलांना लहानपणापासून सांगितलेले ऐकायला शिकवले जाते आणि ऐकल्याबद्दल शाबासकी मिळते. प्रौढ जगात हीच सवय त्यांना सर्वाधिक धोक्यात टाकते. कोणी पैसे मागितले, कोणी नको तसा स्पर्श केला, कोणी दुसऱ्याचे काम अंगावर टाकले, तर ‘नाही’ म्हणणे हेही ट्रॉली भरण्याइतकेच टप्प्याटप्प्याने आणि खऱ्या प्रसंगांत शिकवावे लागते. आम्ही ते नंतर घरी सुरू केले. पहिल्यांदा तो मला ‘नाही, आई, मला आत्ता नको’ असे म्हणाला, तेव्हा सुरुवात किती आधी व्हायला हवी होती हे जाणवून मला वाईट वाटले.

दुसरी तक्रार पाठपुराव्याची आहे. नोकरी लागल्यावर सहा महिने कोच येत असे, त्यानंतर सेवा संपली. सातव्या महिन्यात साहित्याच्या खोक्यांचा रंग बदलला आणि आमचा मुलगा दोन तास रिकाम्या ट्रॉलीसमोर उभा राहिला. आधार हळूहळू काढून घेण्याचे जे कौशल्य कोचकडे होते, ते सेवेच्या नियमांत नव्हते. तिथे एक तारीख होती आणि त्या तारखेला सर्व काही संपले. ‘आधी कामावर ठेवा, मग तिथेच शिकवा’ हे तत्त्व १९८०च्या दशकापासून रुजलेल्या आधारयुक्त रोजगाराचा पाया आहे, आणि गरज असेपर्यंत आधार उपलब्ध असणे हाही त्याच पद्धतीचा भाग आहे. सेवेने पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा सोडला. त्या दिवशी प्रश्न सुटला तो विभागातल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याने नव्या खोक्यांची छायाचित्रे काढून जुन्या कार्डांवर चिकटवली. तेव्हापासून तो सहकारीच मुलाचा खरा आधार झाला आहे. सहकाऱ्यांना असे तयार करणे हे कोचच्या कामात पहिल्या दिवसापासून असते, तर पाठपुरावा संपण्याची भीती आम्हाला इतकी वाटली नसती.

निवडीविषयीही एक गोष्ट नोंदवते. पहिल्या नियोजन बैठकीत आम्ही पाच मोठी माणसे त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलत होतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अक्षमताविषयक करारातील २७व्या कलमात स्वतः निवडलेल्या किंवा स्वीकारलेल्या कामातून उपजीविका मिळवण्याच्या संधीचा अधिकार नमूद आहे, आणि त्या बैठकीत निवडणाऱ्यालाच कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या बैठकीच्या आधी शिक्षिकेने त्याच्याकडून तिन्ही विभागांची छायाचित्रे लावून घेतली, आवडीचे वर आणि नावडीचे खाली. कपडे धुण्याचा विभाग, जिथे यंत्रांचा आवाज सतत असतो, त्याने सर्वांत खाली ठेवला. आम्हाला मात्र तोच विभाग त्याच्यासाठी योग्य वाटला होता. बैठकीतला निर्णय त्याच्या क्रमाप्रमाणे झाला.

प्रवेशाचा विचार करणाऱ्या पालकांनी पाठपुराव्याचा कालावधी लेखी मागावा, आणि कामाच्या जागेवरचा कोणता सहकारी केव्हापासून तयार केला जाणार आहे तेही विचारून घ्यावे. आमच्या मुलाने मागच्या महिन्यात विभाग बदलून हवा असल्याचे त्याच छायाचित्रांच्या मदतीने सांगितले. आम्ही सेवेकडे पुन्हा काही आठवड्यांसाठी कोच देण्याची विनंती केली आहे. नियमात तशी तरतूद नसली तरी त्यांनी ती नाकारलेली नाही, आणि पहिल्या दिवसाच्या निरीक्षणासाठी तीच कोच पुढच्या सोमवारी येणार आहे.