खाजगी डीएनएस : सात महिने वापरल्यावर (आणि ते ‘मागे’चं बटण)

सुरुवात बाबांच्या फोनपासून झाली. सकाळी लासलगावचा कांद्याचा भाव बघायला त्यांनी एक साइट उघडली, तक्त्यावर बोट ठेवलं आणि पान उडून समोर काय, तर ‘तुमच्या फोनमध्ये 5 व्हायरस’. मागे दाबलं तर ऑनलाइन रमीची जाहिरात. परत मागे, परत रमी. शेवटी फोन बंद करून त्यांनी आईच्या फोनवरून मला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘बँकेतले पैसे गेले का रे?’

डीएनएस म्हणजे साइट उघडताना तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. अँड्रॉइड 9 पासून सेटिंगमध्ये ‘खाजगी डीएनएस’ आहे, तिथे बाबांच्या आणि माझ्याही फोनवर, जाहिरातवाल्यांचे पत्ते देतच नाही अशा एका फुकट सर्व्हरचं नाव टाकलं. अ‍ॅप नको, रूट (फोनचं कुलूप तोडणं) नको, पैसे नकोत. पैसे नकोत इथेच माझं निम्मं समाधान झालं होतं. बाबांचा रोजचा दीड जीबी दुपारी चारला संपायचा, तो आता रात्रीच्या बातम्यांपर्यंत पुरतो. भाच्याच्या गेममधल्या जाहिरातीही गेल्या. पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर डोळे मिटून पाचपैकी पाच दिले असते.

मग शिर्डीला गेलो. लॉजच्या वायफायचं लॉगिनचं पानच उघडेना. अर्धा तास मी काउंटरवरच्या पोराशी हुज्जत घातली, आणि चूक माझ्याच सेटिंगची निघाली. डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ केलं, लॉगिन झालं, आणि परत चालू करायला विसरलो ते थेट पुढच्या आठवड्यात आठवलं. कॅशबॅकच्या लिंकाही अधूनमधून उघडत नाहीत, कारण त्या वाटेत जाहिरातवाल्यांच्या पत्त्यावरून जातात. आणि यूट्यूबच्या जाहिरातींसाठी हे करणार असाल तर राहू द्या. व्हिडिओ येतो तिथूनच त्या येतात, डीएनएसला त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण चौथ्या महिन्यात बाबांचा परत फोन. रमी आली होती.

या ‘मागे’च्या बटणावर मी दोन रविवार घालवले, बायको साक्षीदार आहे. साइट उघडली की तिची स्क्रिप्ट, म्हणजे पानातला छोटा प्रोग्राम, ब्राउझरच्या इतिहासात गुपचूप खोट्या नोंदी घुसवते. आपण मागे दाबतो ते त्या खोट्या नोंदीवर जातो, आणि तिथून ती आपल्याला जाहिरातीकडे ढकलते. डीएनएसला फक्त पत्ता दिसतो, घरात काय चाललंय ते नाही. भाव ज्या पत्त्यावर, लबाडीही त्याच पत्त्यावर. जाहिरातीच्या चौकटीने आपण होऊन पान उडवलं तर ते क्रोम 2018 पासून अडवतं, पण तुम्ही बोट टेकवलेलं असेल तर ती तुमची इच्छा धरली जाते. आता तक्ता उघडायला बोट टेकवायचं नाही तर काय फुंकर मारायची?

शेवटी बाबांच्या फोनवर फायरफॉक्स ब्राउझर टाकला आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन. हे पानाच्या आतल्या स्क्रिप्टही अडवतं. तीन महिने झाले, रमी नाही. म्हणजे ज्या कामासाठी डीएनएस लावलं ते काम दुसऱ्यानेच केलं. तरी डीएनएस काढलेलं नाही. इतर अ‍ॅपमधल्या जाहिराती तेच रोखतं, आणि फुकटचं कोण काढतो? आता माझ्याकडून साडेतीन.

जाता जाता क्रोमच्या साइट सेटिंगमधल्या ‘सूचना’ (कोणत्या साइटना नोटिफिकेशन पाठवायची परवानगी आहे ते) जरूर बघा. ‘तुम्ही रोबोट नाही, तर अनुमती द्या दाबा’ असं सांगणाऱ्या 11 साइटना बाबांनी इमानदारीत अनुमती दिली होती. त्या मी एकेक करून हाताने काढल्या.

गेल्या रविवारी घरी गेलो तर बाबांची नवीनच तक्रार. भावाच्या पानावर वरच्या बाजूला ट्रॅक्टरची जाहिरात यायची, किमतीसकट, ती कुठे गेली? ती तेवढी परत आणता येईल का?