गणपतीनंतरचा ड्राफ्ट: पाच महिने खेळल्यावर

इंग्लंडची फुटबॉल प्रीमियर लीग ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते, तेव्हा आमच्या ठाण्याच्या ग्रुपमधले निम्मे कोकणात जायच्या गडबडीत असतात. म्हणून २०२५-२६ च्या सीझनला ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडायची बैठक, अनंत चतुर्दशी उरकल्यावर, इंटरनॅशनल ब्रेकमध्ये (देशांच्या सामन्यांसाठी लीग थांबते तेव्हा), नौपाड्यात एकाच्या घरी ठेवला. आठ जण, तीन गेमवीक (सामन्यांच्या फेऱ्या) होऊन गेलेले. खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर पॉइंट देणाऱ्या फँटसी प्रीमियर लीग या ऑनलाइन खेळाचाच ड्राफ्ट प्रकार: बजेट नाही, डबल पॉइंटवाला कॅप्टन नाही, एक खेळाडू एकाच्याच टीमला.

झालेले पॉइंट आपल्या खात्यात येत नाहीत, उरलेल्या ३५ सामन्यांचेच येतात. हे सगळ्यांना तोंडपाठ, तरी नजर जाते टोटलच्या कॉलमकडेच. दोघं कुठल्याशा साइटची रँकिंग छापून घेऊन आले होते. तिच्यात पुढचा अंदाज म्हणजे आतापर्यंतच्या पॉइंटचा सरळ गुणाकार! टीमू पुक्कीने २०१९-२० मध्ये नॉर्विचसाठी पहिल्या पाच सामन्यांत ६ गोल मारले होते. सीझनअखेर ११, आणि नॉर्विच तळाला. मँचेस्टर सिटीच्या हालांडचेही २०२४-२५ मध्ये पहिल्या पाचांत १० होते, शेवटी २२. पण हालांडचे उरलेले १२ कुणीही घेईल. पुक्कीच्या उरलेल्या पाचांसाठी पहिला पिक (पहिली निवड) घालवणं परवडत नाही.

मी खेळाडू किती मिनिटं खेळतो आणि पेनल्टी घेतो का ते बघतो. कोल पामर १ सप्टेंबर २०२३ ला चेल्सीत आला. ऑगस्टच्या ड्राफ्टमध्ये त्याला कोण विचारणार होतं? त्या सीझनला २२ गोल, त्यातले ९ पेनल्टीवर. उशिराच्या ड्राफ्टचा खरा फायदा इथे आहे: ट्रान्सफर विंडो बंद झालेली असते, कोण कुठल्या क्लबात आणि पेनल्टी कोण घेतो हे बऱ्यापैकी कळलेलं असतं.

जखमी खेळाडूंवर मात्र घरात जोरदार वाद झाला. मी एक मोठा खेळाडू घेतला, जो दहा आठवडे बाहेर होता. कोपरीवाला मित्र म्हणाला, "अरे, प्लास्टरमधला माणूस घेतोस?" हिशोब असा: परत आल्यावर सामन्याला ६ पॉइंट धरले तर २५ सामन्यांचे १५०. आधीचे दहा आठवडे त्याची जागा काही रिकामी राहत नाही, बेंचवरचा (राखीव) कुणी ३-३ आणतोच, ते ३०. एकूण १८०. ठणठणीत पण सरासरी साडेचारवाला खेळाडू ३५ सामन्यांत १५७ च्या आसपास जातो. फक्त बेंचच्या चार जागांपैकी एक अडकते, त्यामुळे असा एकच घ्यावा. दोन घेतले की दर शनिवारी अकरा जण जमवताना दमछाक.

उरलेले सामनेही सगळ्यांचे सारखे नसतात. आफ्रिका कप, म्हणजे आफ्रिकी देशांची स्पर्धा, २१ डिसेंबर २०२५ ते १८ जानेवारी २०२६ होता. इजिप्तच्या सालाहसारखी नावं घेताना तेवढे आठवडे वजा करायला हवे होते, ते फार थोड्यांनी केले.

पोझिशनचं गणित सोपं आहे. प्रत्येकाला ३ फॉरवर्ड लागतात, म्हणजे आठ जणांना २४. क्लब २०, आणि बरेचसे एकाच स्ट्रायकरने खेळतात. डिफेंडर लागतात ४०, पण रोज खेळणारे ८० च्या आसपास मिळतात. त्यामुळे दोन फॉरवर्ड लवकर उचलायचे. तिसरा कुठलाही चालतो, मैदानात एक असला तरी टीम वैध ठरते. गोलकीपर अगदी शेवटी.

तोटे? ऑगस्टमधली खुमखुमी जाते. तीन आठवडे नुसतं बघत बसायचं. आणि माहिती सगळ्यांकडे सारखीच असल्याने अकराव्या राउंडला हिरा सापडण्याची मजा कमी होते. फुटबॉल फारसा न बघणाऱ्यांना मात्र हा प्रकार ऑगस्टच्या ड्राफ्टपेक्षा सोयीचा पडला, आमच्याकडे तिसऱ्या नंबरवर असलेला गडी त्यातलाच. दहापेक्षा जास्त जण असतील तर मी उशिराचा ड्राफ्ट सुचवणार नाही. बारा जणांना ३६ फॉरवर्ड आणायचे कुठून?